निळा हत्ती

उद्यापासून शाळा, म्हणून घरात नुसता गोंधळ. मी वह्यांना कव्हरं घालत होते, थोरला जाड मार्करने डब्यांवर, बाटल्यांवर नावं घालत होता आणि धाकट्या चिमीची उजळणी चालली होती.

"शाळेतून कुणाबरोबर यायचं?"

"आई नाहीतर बाबा. दुसरं कुणी आलं, तर आधी आपला शब्द विचारायचा."

"कुठला शब्द?"

"पिवळा... उंट?"

"निळा हत्ती गं माझे आई! किती वेळा सांगू?" मी कपाळावर हात मारला. तिचे बाबा पोट धरून हसत होते.

दुसऱ्या दिवशी मला निघायलाच दहा मिनिटं उशीर झाला. धावतपळत शाळेच्या गेटवर पोचले, तर थोरला एकटाच उभा.

"चिमी कुठाय?"

"गेली की एका काकांबरोबर. ओळखीचे नव्हते, पण त्यांनी शब्द बरोब्बर सांगितला."

मी त्याचे खांदे घट्ट धरले. "त्यांना कसा कळला आपला शब्द?"

"काय माहीत! पण चिमीपण आज विसरली नाही हं, आई."

तो खुशीत हसला.

"मी सकाळीच तिच्या दप्तरावर मोठ्ठ्या अक्षरांत लिहून दिला होता."