उजवाच पाय

तांदळानं काठोकाठ भरलेलं पितळी माप उंबऱ्यावर ठेवून सुचेता दोन पावलं मागे सरकली. लंडनच्या पिनरमधल्या घराचा उंबरा तो केवढा, प्लास्टिकच्या दाराखालची बोटभर पट्टी. पण आज तिच्या लेकाच्या, अनयच्या बायकोचा गृहप्रवेश होता.

दाराबाहेर हेलन उभी होती. अंगावर शालू, दोन्ही पायांत पैंजण. त्यातला उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता, आणि त्याच्यातलं पैंजण सकाळी सुचेतानंच अडकवलं होतं. शेजारी अनय, बाह्या सरसावून.

"उचल तिला," हेलनची आजी मागून इंग्रजीत म्हणाली. "आमच्यात नवरीला उचलूनच आत नेतात. चर्चच्याही आधीची रीत आहे ही. उंबऱ्यावर भुतं टपलेली असतात ना, तिला पाडायला!"

"बरंच झालं," पुण्याहून आलेली नणंद मंजिरी सुचेताच्या कानाशी लागली. "वहिनी, माप उजव्या पायानं लवंडायचं, आणि हिचा उजवा तर... उचलू दे त्याला. वेळ तरी निभावेल."

सुचेताचं डोकंच फिरलं. फिजिओथेरपिस्ट म्हणून तिनं तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात माणसांना पुन्हा चालायला शिकवलं होतं. आणि तिची सून तिच्याच दारातून उचलून आत यायची?

"अनय, बाजूला हो."

"आई, बट ती पडली तर?"

"बाजूला हो म्हटलं ना!"

हेलननं मापाकडे पाहिलं, मग सासूकडे. पायरी चढताना आधी चांगला पाय, हे सुचेतानं शेकडो पेशंटांकडून घोकून घेतलं होतं. हेलनकडूनही कुणीतरी घेतलंच असणार.

"उजवाच?" तिनं विचारलं.

"उजवाच. लक्ष्मीला कुणी उचलून आणत नाही. ती चालत येते."

हेलननं चौकट धरली, निऱ्या उचलल्या आणि पाय टाकला. पाय मापाला लागला कधी, हे त्या पायाला कळायला मार्ग नव्हता. हळूच लवंडायचं ते माप ठणठणत जिन्यापर्यंत गेलं. तांदूळ बुटांच्या कपाटात, सोफ्याखाली, मंजिरीच्या अंबाड्यात.

आता त्या विखुरलेल्या दाण्यांवर कृत्रिम पाऊल टेकायचं होतं. ते किती सहज घसरतं, हे तिथं सुचेताइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. अनय पुढे झाला, तसा सुचेतानं हात आडवा घातला.

उजवं पाऊल टेकलं. मागून डावं आलं. हेलन घरात उभी होती, ताठ.

"फार जोरात लागलं का?" ती ओशाळून म्हणाली.

सुचेताचा ऊर अभिमानानं भरून आला. ती हेलनच्या आजीकडे वळली.

"आजी, तुमची ती भुतं एव्हाना पिनर स्टेशनला पोचली असतील."