नावापुढचं अ.पा.क.

"सही तुमचीच लागणार, आजी," वकील मनाली म्हणाली. "सातबाऱ्यावर पोराच्या नावापुढं बघा. अ.पा.क. चंद्रा."

"ते काय असतं?"

"अज्ञान पालनकर्ता. म्हणजे पोरगं अठराच्या आतलं आणि त्याचं बघणाऱ्या तुम्ही. करारात पण तसंच उतरतं. तुमच्याशिवाय व्यवहार नाय."

चंद्राने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मनालीचं हापिस कशेळीला, खाली कंटेनरवाल्यांची नुसती पॅंपॅं. गोडाऊनची पार्टी गाडीत एसी लावून बसलेली. बाळ्या पण त्यांच्यातच जाऊन बसलेला. पूर्णा गावातलं एवढंच शेत उरलेलं, चारी बाजूंनी पत्र्याची गोडाऊनं.

"मीच बघितलं त्याचं," चंद्रा म्हणाली. "आय गेली तवा रांगत व्हता. बांधावर गोधडी टाकायची, त्याला ठेवायची न् मी लावणीला. एकदा खेकडा चावला बोटाला. अख्खा गाव डोक्यावर घेतलेला बाळ्यानं."

मनालीला हसू आलं. "आणि आता विकायचं म्हणतो?"

"गाडी पायजे त्याला. चारचाकी."

"ह्या वयात सगळ्यांना तेच पाहिजे असतं."

"मंग खेकडं कुठं धरल? गोडावनात?"

मनालीनं पेन टेबलावर आपटलं. "हे बघा, तो अठराचा झाला असेल तर सोपं आहे. दाखला द्या, तुमचं नाव निघेल. मग तो एकटा विकेल. तुम्हाला कुणी विचारणार पण नाय."

"आन् झाला नसंल तर?"

"कोर्टाची परवानगी. वर्ष जाईल, जास्त पण."

चंद्राने खिडकीतनं खाली गाडीकडं नजर टाकली.

"न्हाय झाला. लिवा तसं."

"आजी, खरं सांगा. मिशी फुटली ना त्याला?"

"मिशी फुटली. अक्कल न्हाय फुटली."

"मस्करी करता काय? पार्टी खाली थांबलीय!"

पिशवीतनं प्लास्टिकची डबी खाली पडली, घरंगळत गेली. चंद्रा उठली, डबी उचलली, पदरानं पुसली. "त्याचीच. ओट्यावर इसरला न् पळाला गाडीत बसायला. अशाच्या हातात जमीन देऊ?"

जिन्यात पावलं वाजली.

"आला बघा," चंद्रा म्हणाली.

दार ढकलून एक पांढऱ्या केसांचा म्हातारा आत आला. एक हात आपल्या शाळकरी नातवाच्या खांद्यावर, नुसता धापा टाकत होता.

"ताय, केलीस का गो सही?" तो बोळक्या तोंडानं म्हणाला. "आन् माझी कवळी दे आधी."