लग्नतिथीतलं सराव शिबिर

चाकांच्या बुटांवरच्या हॉकीची राष्ट्रीय संघटना राहुरीतून चालायची, कारण अध्यक्ष कडूसर राहुरीचे होते. स्पर्धेला जाण्याआधी देशाच्या मिश्र संघाला तीन दिवस सरावासाठी गुळगुळीत फरशी हवी होती, आणि तसली फरशी गावात एकाच मंगल कार्यालयात होती. मालक नबीलालभाई मात्र अडून बसले.

"सर, लग्नतिथी दाट हाय. लग्न असंल तर बोला. पत्रिका दाखवा, चावी घ्या."

"मग छापा की पत्रिका, सर," गोलकीपर राजनंदिनी म्हणाली. "नवरी मी, नवरदेव आपला कॅप्टन गोरक्ष. नावापुरतंच तर हाय."

कडूसरांनी पत्रिका छापली, अगदी एकच. पण शिबिराच्या पहिल्याच दिवशी, खेळ ऐन रंगात आलेला असताना, गोरक्षच्या गावाहून, देवळाली प्रवरेहून, वऱ्हाडाचे टेम्पो येऊन थडकले. फेटे आले, आहेर आले, भटजीबुवा आले, आणि ज्याच्या त्याच्या हातात पत्रिका! खेळाडू गरगर फिरतायत आणि पाहुणे 'सावधान' म्हणत त्यांच्यावर अक्षता टाकतायत.

शिट्टी फुंकून फुंकून कडूसर लालबुंद झाले. "अहो थांबा! लग्नबिग्न काई न्हाई, आमाला फक्त फरशी पायजे हुती! राजनंदिनी, तू तरी सांग यांना!"

राजनंदिनी गोलपोस्ट सोडून सरकत सरकत गोरक्षच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघांनी हेल्मेट काढली.

मुंडावळ्या आधीच बांधलेल्या होत्या.