दार उघडणारा बाप

“शेवट सोडला तर सगळं उत्तम आहे,” सर म्हणाले आणि फिजिओचा चेहरा पडला.

शनिवारी दुपारी सरांच्या बैठकीच्या खोलीत पाच नवे लेखक जमायचे. एवढ्या कादंबऱ्या लिहिलेला माणूस हाताला धरून शिकवतोय म्हटल्यावर कुणी नोकरीवर थाप मारून यायचं, कुणी तान्हं मूल सासूच्या ओटीत टाकून. फिजिओ त्यांत सगळ्यांत नवी. दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे मोकळे करायची, म्हणून सगळे तिला फिजिओच म्हणत.

तिच्या कथेतल्या बाईला केस बांधायला हात वर नेता येत नव्हता. नवरा तिचा हात पिरगळायचा आणि मग स्वतःच मलम चोळत बसायचा, हळुवार, गाणं गुणगुणत. शेवटी बाई बॅग घेऊन माहेरी जाते. बाप दार उघडतो, काही न विचारता तिच्या हातातली बॅग घेतो.

“हा असला बाप कुठून आणलास?” सरांनी चष्मा काढला. “जावई त्यानंच पसंत केलाय. मुलीला आत घेतलं तर आपण चुकलो हे कबूल करावं लागेल. तो तिची समजूत घालेल आणि दारातूनच परत पाठवेल.”

“एखादा उघडतही असेल ना, सर?”

“असेल. पण वाचकाला पटायचं नाही. मी जन्मभर बापच लिहीत आलोय, पोरी. तिला परत पाठव, मग बघ कथा कशी उभी राहते!”

सगळे गेले, पण त्या मलमानं काही सरांचा पिच्छा सोडला नाही. असलं काही बसल्या जागी सुचत नाही. पोरगी स्वतःचंच तर सांगत नव्हती? आणि आपण तिला काय सांगून बसलो! घास गोड लागेना. शेवटी न राहवून ते तिच्या दवाखान्यात जाऊन थडकले.

फिजिओ एका आजोबांचा गुडघा वाकवत होती. सरांनी तिला बाजूला घेतलं.

“स्पष्टच विचारतो. तुझा नवरा तुला मारतो का?”

“माझं लग्न कुठं झालंय, सर?”

“मग ते मलम?”

“दिवसभर लोकांचे हात हातात असतात माझ्या. माणसं तोंडानं सांगत नाहीत ते कळतं.”

सरांच्या जिवात जीव आला. पोरगी चांगली लेखिका आहे, एवढंच!

त्याच संध्याकाळी त्यांच्या गावातच दिलेल्या मुलीचा फोन आला. आधी जावयाचाच आवाज, “बाबा, तब्येत काय म्हणतेय?” जावई मोठा लाघवी. फोनवर नेहमी दोघं मिळूनच बोलायचे. सरांनी आपली फजिती रंगवून सांगितली. एका विद्यार्थिनीची कथा खरी समजून कसे धावत सुटले, आणि ती निघाली बिनलग्नाची.

जावई खदखदून हसला. मुलीनं मात्र विचारलं, “शेवट काय करायला सांगितलात तिला?”

“बाप दार उघडत नाही.”

“हं. पटण्यासारखं आहे, बाबा.”

“बघ! लेखकाची मुलगी शोभतेस.”

पुढच्या शनिवारी फिजिओ सगळ्यांच्या आधी आली. दम लागला होता. हातात कागद नव्हते.

“शेवट बदललास?” सरांनी विचारलं.

“नाही जमलं. तेच विचारायला आले. तो खरंच नाही उघडणार दार?”

“पुन्हा तेच! लोक काय म्हणतील, व्याही काय म्हणतील, आपली अक्कल काढतील, एवढं सगळं त्याच्या डोक्यात असतं. नाही उघडणार.”

“मुलगी रडली तरी?”

“तरीही. लेखकानं मन घट्ट करावं लागतं, पोरी.”

फिजिओनं पुन्हा चपला पायात सरकवल्या.

“बरं. मग खाली जाऊन तसं सांगते,” ती म्हणाली. “गाडीत बसलीये, सर. तुमची लेक.”