शनिवारी उडणारा फ्यूज

"फक्त शनिवारीच?" लझहरनं विचारलं. "गाडीला वार कळतात होय गं?"

"वार नाही, काका, जागा कळते," नजात म्हणाली. "आमच्या घरासमोरच्या रेल्वे फाटकापाशी आली की इंजिनचा फ्यूज उडतो. सात वर्षं हेच चाललंय."

लझहर गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. गफ्सा शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. पिकअप नजातच्या वडिलांची, हाजी मनूबींची. ते वारल्यानंतरचा चाळिसावा होऊन आठवडा झाला होता आणि गाडी आता तिच्या दारात उभी होती. तिच्या नवऱ्याला, तौफीकला, त्या गाडीतून ऑलिव्ह घाण्यावर न्यायचे होते.

"रुळांवरच बंद पडली आणि तिकडून फॉस्फेटची मालगाडी आली तर?" ती म्हणाली. "म्हणून आणली. नाहीतर मी हिला हातसुद्धा लावू दिला नसता. त्या फ्यूजचे उपकार आहेत माझ्यावर."

लझहरनं मान हलवली. कसले उपकार, हे त्याला विचारावं लागलं नाही. शपथेची गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. नजातनं फाटकवाल्या तौफीकशी लग्न ठरवलं, तेव्हा हाजींनी भर अंगणात सांगितलं होतं, "अल्लाची शपथ, मी आपणहून या पोरीच्या दारी जाणार नाही." आत्यानं समजूत काढली, "शपथ मोडायलाही वाट आहे, मनूबी. दहा गरिबांना जेवू घाल, नाहीतर तीन दिवस रोजे धर." त्यावर ते म्हणाले होते, "मोडणाऱ्यांसाठी असेल ती वाट."

पुढच्याच महिन्यात, शनिवारच्या बाजाराहून परतताना, त्यांची पिकअप फाटकापाशी बंद पडली. नजात धावत बाहेर गेली. हाजी बॉनेट उघडून उभे होते.

"मी आलो नाही," ते म्हणाले. "गाडी थांबली."

त्यानंतर दर शनिवारी ती थांबत गेली. हाजी उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. बॉनेटला टेकूनच कॉफी प्यायचे, बाजारातलं एखादं कलिंगड "उगाच ओझं" म्हणून उतरवून ठेवायचे. नजातची लेक शीराझ जन्मली तेव्हा तिलाही त्यांनी तिथंच, उन्हात, पहिल्यांदा हातात घेतलं. तासाभरानं गाडी सुरू व्हायची.

"उडालेला फ्यूज तू पाहिलास का कधी?" लझहरनं विचारलं.

"दर वेळी. तळहातावर घेऊन दाखवायचे. वितळलेला, काळा पडलेला. कधी लाल, कधी निळा. शीराझ मागायची खेळायला, पण द्यायचे नाहीत. खिशात घालायचे."

"लाल? लाल कमी ताकदीचा. इथं लावला तर उडणारच. हाताला येईल तो खुपसत असेल. हट्टी माणूस, दुसरं काय!"

लझहरची पद्धत ठरलेली होती, आधी डोळ्यांनी पाहायचं, मग दिव्यानं. बॅटरीपासून त्यानं एकेक वायर बोटांनी चाचपत आणली. एका जागी तो थांबला.

"हं! ही बघ. पत्र्याला घासलीय. रुळांवर हादरा बसला की टेकत असणार."

पण तांबं उघडं पडलेलं नव्हतं. त्यानं तिथं टेप गुंडाळली, तरी त्याचं समाधान झालेलं दिसेना. त्यानं चहा ओतला.

"तुझ्या बाबांना माझा चहा चालायचा तो बुधवारपासून," तो म्हणाला. "रविवार, सोमवार, मंगळवार रोजा! म्हातारपणी भलताच धर्म शिरला होता अंगात. मी म्हणायचो, हाजी, रमजान संपून चार महिने झाले, कुणी सांगितलं नाही का तुला? नुसता हसायचा. आणि बुधवारी आला की तीन ग्लास चहा, वर त्या डब्यात हात."

फळीवर एक पत्र्याचा डबा होता. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून निघालेले जळके फ्यूज लझहर त्यात टाकायचा.

"मूठभर न्यायचा. नातीला खेळायला, म्हणे."

नजातचे डोळे भरून आले. तिनं ग्लास तोंडाला लावला.

"एकच सल आहे, काका," थोड्या वेळानं ती म्हणाली. "देवानं गाडी थांबवली म्हणून मला बाबा दिसले. त्याचे आभार मानते मी, रोज मानते. पण एकदा, एकदाच, ते आपणहून आले असते तर!"

 लझहरनं दोन वायरींचा छोटा दिवा उचलला.

"आता शेवटची परीक्षा. फ्यूज काढून त्याच्या जागी हा दिवा लावायचा आणि गाडी हलवायची. लख्ख पेटला की चोर सापडला."

स्टिअरिंगखालचं झाकण उघडून त्यानं चिमटीनं फ्यूज ओढला. तो हलेना. त्यानं पक्कड घेतली. तरी हलेना. दोन-तीनदा डोलवल्यावर कट् असा आवाज झाला आणि फ्यूज निघाला. फ्यूजच्या धातूच्या पायांवर हिरवट थर चढला होता.

लझहरनं तो पँटला पुसला, उजेडात धरला. आतली तार शाबूत होती. बराच वेळ तो बघत राहिला.

"पोरी, ही गाडी किती जुनी?"

"एकोणीस वर्षांची. का?"

"हा फ्यूज गाडीबरोबरच आलाय." त्यानं तो तिच्या तळहातावर ठेवला. "एकोणीस वर्षांत एकदाही जागचा हललेला नाही."

नजातनं फ्यूजकडे पाहिलं. मग फळीवरच्या डब्याकडे. मग शनिवारच्या पुढचे दिवस ती बोटांवर मोजू लागली. रविवार. सोमवार. मंगळवार. तीन दिवस, तीन रोजे.