साडेतीन हात जागा

नगराध्यक्ष रेमाँ केरवेल यांनी पुढे केलेला हात तसाच राहिला. समोरच्या सैनिकाने कडक सलाम ठोकला, पण हात दिला नाही.

"हा अली. आपल्याच गावचा," केरवेल फोटोग्राफरकडे वळून हसले. "लाजतोय."

"लाजत नाही," अली म्हणाला.

रफ्हा गावाच्या पलीकडे, सौदीच्या वाळवंटात फ्रेंच फौजेचा तळ पडला होता. १९९१चा जानेवारी; इराकवर बॉम्बफेक नुकतीच सुरू झाली होती. गावची पोरं आघाडीवर आहेत म्हणून केरवेल मुद्दाम फ्रान्सहून आले होते. कोटावर पदक होतं. तरुणपणी ते अल्जीरियात, तिथल्या स्वातंत्र्यलढ्याविरुद्ध लढले होते आणि त्या पदकाच्या जोरावर पुढे निवडून येत राहिले. अलीचे आईवडील अल्जीरियातले.

"घरी सगळे बरे?"

"वडील गेले. नाताळच्या आधी."

केरवेल कोटावरचं पदक सारखं करू लागले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

"आईने गावच्या दफनभूमीत जागा मागितली होती," अली म्हणाला. "तुम्ही तिला दिवसभर बाहेर बाकावर बसवलंत. भेटलासुद्धा नाहीत. जन्मभर तुमच्या गावचे रस्ते खोदले त्या माणसाने. शेवटी शवपेटी विमानात घालून परत अल्जीरियाला पाठवावी लागली."

"लोकांचा विरोध होता, अली. मी एकटा काय करणार?"

"उद्या मी इथे मेलो तर?"

"चौकातल्या स्मारकावर तुझं नाव कोरू. शब्द देतो."

"नाव राहू द्या. साडेतीन हात जागा द्याल?"

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. केरवेलांचा आवाज चढला. "मला शिकवू नकोस! तुमच्या त्या डोंगरांत माझे सोबती मेलेत. ह्या हातांनी पुरलंय मी त्यांना!"

"पुरलंत ना?" अली म्हणाला. "आमची माती त्यांना नाही म्हणाली नाही."

तेवढ्यात भोंगा वाजला. "गॅस! गॅस!" कुणीतरी ओरडलं. जो तो विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चढवू लागला. केरवेलांना सकाळीच शिकवलं होतं, पण आता बोटं चालेनात. पट्टे एकमेकांत अडकले. ते गुडघ्यांवर वाळूत बसले.

मुखवटा चढवलेला अली वरून त्यांच्याकडे बघत उभा राहिला. जरा जास्तच वेळ. मग खाली वाकून त्याने त्यांच्या तोंडावर मुखवटा दाबला आणि पट्टे आवळले. केरवेलांनी त्याची बाही घट्ट धरली.

इराकी रॉकेट दूर कुठेतरी पडलं. भोंगा थांबला. माणसं मुखवटे काढून खोकू लागली, कुणी हसलंही. केरवेलांनी मुखवटा काढला नाही. बाहीही सोडली नाही.

अलीने त्यांचं एकेक बोट उलगडून बाही सोडवली आणि तो आपल्या गाडीकडे चालू लागला.