अडुसष्ट की एकोणनव्वद

"एकोणनव्वद," तपासणीला आलेले साहेब म्हणाले. "कुणाचा हा?"

पांढऱ्या चादरीवर बारा रायफलींचे बारा बोल्ट ओळीने मांडले होते. साहेबांनी त्यातला सगळ्यात चकचकीत उचलला होता. सहादूचं तोंड 'माझा' म्हणायला उघडलं आणि तसंच राहिलं. बोल्ट त्याचाच होता. पण रायफलीचा आणि तिच्या बोल्टचा नंबर एकच असतो, आणि सहादूच्या रायफलीचा नंबर अडुसष्ट होता. एकोणनव्वद शेजारच्या कोंडाजीचा.

नाशिकरोडच्या एका सरकारी गोदामावर हा बारा जणांचा गार्ड. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली जमा होऊन एस.एल.आर. आल्या त्याला चार वर्षं झाली होती. एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरते अशी ही रायफल. चार वर्षांत पहिलीच कुणी सोडली नव्हती. तरी सहादू रोज ड्यूटी संपली की पेंगत पेंगत बोल्ट काढायचा, चिंदीने पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचा. यंदा तर दोनदा. कारण यंदा सगळ्यात स्वच्छ हत्याराला दहा दिवसांची रजा होती.

रजा त्याला आईसाठी हवी होती. सायखेड्याला धोंडाबाईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते. ऑपरेशनच्या दोन तारखा रजेपायी हुकल्या. तिसरी सोमवारची. मुलगा शेजारी असल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही, असा म्हातारीचा हट्ट.

"साहेब," सहादू हळूच म्हणाला, "आपण उलटा धरलाय. तो अडुसष्ट आहे."

साहेबांनी बोल्ट त्याच्या नाकापाशी आणला. "आकड्याखाली रेघ असते. रेघ खाली धरायची. आता वाच."

सहादूने वाचलं. 89. चार वर्षं तो रेघ वर धरून 68 वाचत होता.

रायफली आल्या त्या दिवशी तो आणि कोंडाजी एकाच गोणपाटावर समोरासमोर बसून साफसफाई करत होते. उठताना सहादूने आपल्या बाजूने 68 दिसणारा बोल्ट उचलला. कोंडाजीने राहिलेला उचलला. कोंडाजीला राहिलेलंच उचलायची सवय होती. त्यानंतर त्याने त्या बोल्टला हात लावला नाही.

हवालदार वाल्मीक जोरात खोकला. नंबर तपासले म्हणून चार वर्षं तोच सही करत होता, आणि पेन्शनला त्याचे दोन महिने उरले होते. बोल्टची अदलाबदल म्हणजे तिघेही घरी. सहादूने तोंड मिटलं.

मग साहेबांनी तांबेरलेला अडुसष्ट दोन बोटांत उचलला. सहादूला जागेवरच मेमो मिळाला. कोंडाजीला पुढे बोलावलं.

"किती दिवसांनी साफ करतोस?"

"खरं सांगू का साहेब? मी त्याला हात बी लावत नाय."

साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं. संध्याकाळी लेखी हुकूम निघाला. रोज घासून बोल्ट झिजतात असे निदर्शनास आले आहे. यापुढे गोळी झाडल्याखेरीज कोणीही बोल्ट साफ करू नये. शंका असल्यास शिपाई कोंडाजी यांचे मार्गदर्शन घ्यावे.

सहादू रात्रपाळीला निघाला होता. कोंडाजी बक्षिसाच्या रजेचा कागद हातात धरून त्याच्यापुढे उभा राहिला. रजा आपल्याला झोपायला पाहिजे होती, पण दवाखान्यातही झोपता येतंच, असं काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "तुझ्या आईला दिसत नाय ना? मग तू काय न् मी काय."

सोमवारी धोंडाबाईला घेऊन कोंडाजी एस.टी.ने नाशकात आला. घसा बसलाय म्हणून कुजबुजत सांगितलं आणि गप्प राहिला. काम न करण्यात त्याने उमेदीची वर्षं घालवली होती. न बोलणं त्यामानाने सोपं गेलं. पण झोपायला काही मिळालं नाही. म्हातारीला पाणी पाजलं, हात धरून मोरीपर्यंत नेलं, रोज वेणी घातली. वेणी तिसऱ्या दिवशी जमली.

आठव्या दिवशी पट्टी निघाली. धोंडाबाईने डोळे मिचकावले आणि समोरच्या माणसाकडे टक लावून पाहिलं. कोंडाजीने मान खाली घातली.

"आजी, दिसतंय ना नीट?" नर्सने विचारलं.

"लख्ख दिसतंय. ह्यो माझा पोरगा नाय." म्हातारीने पुन्हा एकदा त्याला खालून वर पाहिलं. "ऱ्हाऊ द्या पर. ह्याला निदान सुट्टी तरी भेटती."